मालनमावशींची मूठ

मालनमावशी गेल्याला पाच आठवडे झाले. त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी मिरजेच्या बाजारात भाजी घेत होतो. "मास्तर, आत्या गेल्या..." एवढंच ती बोलली, आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आता रूथबद्दल विचारणारं कुणी उरलं नव्हतं. त्या सुटकेची मला अजून शिसारी येते.

जतकडच्या दुष्काळी गावातून पोरक्या आलेल्या मावशी इथल्या एका दवाखान्यात जन्मभर आया होत्या. परदेशातल्या कुणा अनोळखी बाईंच्या मदतीवर त्या लिहा-वाचायला शिकल्या. म्हणूनच आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्यांनी मूठ सुरू केली. भात टाकण्याआधी प्रत्येक बाईनं मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचे, महिन्याच्या पहिल्या रविवारी ते देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, विकायचे, आणि त्यातून मलावीतली रूथ नावाची पोरगी तिथल्या मंडळीची पुढारी व्हायचं शिक्षण घ्यायची. मी मंडळीचा सचिव, शाळेत इंग्रजीचा मास्तर. रूथची पत्रं मराठीत वाचून दाखवायचो.

"आपली पोरं रिकामी हिंडत्यात अन् आफ्रिकेतली पाळकीण घडवताय व्हय?" मंडळीचा कारभार बघणारे एक पंच म्हणाले. मावशी हसल्या. "मला शिकवणाऱ्या बाईनं तरी मिरज कुठं बघितली हुती रं?"

गेल्या वर्षी पंचांनी तांदूळ देवळाच्या नव्या फरशीकडे वळवले. रूथचं एकच वर्ष राहिलं होतं. हात मीही वर केला. बाया भडकतील म्हणून पंच मला म्हणाले, "मास्तर, तुमीच सांगा काय ते. तुमचं ऐकत्यात." मी रविवारी उभा राहून सांगितलं, रूथनं शिक्षण सोडलं. देवळात, बायबल हातात धरून!

बाहेर मावशींनी मला गाठलं. "आजारी हाय का पोरगी? विचारा की जरा." मी म्हणालो, पत्रच येत नाही. पत्रं येत होती. पैसे का थांबले, माझं काय चुकलं, असं रूथ विचारत होती. ती पत्रं मी कपाटात कोंबली. बाकीच्या बायांचे तांदूळ फरशीत गेले. मावशींनी दिले नाहीत. "रूथची मूठ रूथचीच."

अंत्यविधीला तेच पंच त्याच चकचकीत फरशीवर उभे राहून मावशींच्या दानतीवर बोलले. लाज म्हणून नाही! आणि मी मान डोलावत होतो.

नंतर सुनेनं तेलाचा मोठा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. "आत्या म्हणाल्या हुत्या, मास्तरांकडं द्या. रूथ परत शिकाय लागली की त्यास्नीच आधी कळंल." वर्षभराचे तांदूळ. मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला, एकसुद्धा किडा नाही...

रूथला मी खरं लिहिलंय. उत्तर नाही. हे छापून आलं की पंच माझ्याशी बोलणार नाहीत. नका बोलू. येत्या रविवारी हा डबा मी त्या फरशीवर ठेवणार आहे, आणि सगळं सांगून झाल्याशिवाय झाकण काढणार नाही.

काल बघितलं तर पाला वाळला होता. ताजा आणून घातला. मग आमच्या भाताआधी एक मूठ टाकली.