आधी सिनेमा, मग कुंकू

हॉलची किल्ली परत न्यायला सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः आले. चहा नको म्हणाले, बसलेही नाहीत. पोलीस ठाण्यातून त्यांना फोन आला होता. रविवारी बायकांना कुठला सिनेमा दाखवताय आणि त्याला सर्टिफिकेट आहे का, असं विचारलं होतं. सर्टिफिकेट नव्हतं. मी किल्ली दिली आणि कामांच्या यादीतला हॉल खोडला.

सिनेमा म्हणजे तासाभराचा माहितीपट. सासरी मार खाऊन बाहेर पडलेल्या बायका त्यात स्वतः बोलतात. सेन्सॉरने त्यांच्या अंगावरच्या वळांना हरकत घेतली नव्हती. हरकत होती आमच्या बचत गटातल्या एका बाईच्या चार वाक्यांना. ती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापते आणि बदलापूरला भाड्याच्या खोलीत राहते. कॅमेऱ्यासमोर ती सांगते की पहिल्या वेळी ती चौकीत गेली, तर तिथे समजूत घालून तिला नवऱ्याबरोबरच घरी पाठवलं. दुसऱ्या वेळी ती आधी सरकारी दवाखान्यात गेली, कोणी मारलं ते डॉक्टरांना लिहून घ्यायला लावलं आणि तो कागद हातात घेऊन मग पोलिसांकडे गेली. यामुळे पोलिसांची प्रतिमा मलिन होते, असं सेन्सॉरचं म्हणणं. वाक्यं काढा, सर्टिफिकेट घ्या. सिनेमा करणाऱ्या मुलीने ती काढली नाहीत.

आम्हाला तर नेमकी तीच हवी होती. या बाईची सख्खी धाकटी बहीण त्याच घरात, तिच्या दिराला दिलेली. घर मोरिवलीत, माझ्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत. धाकटीचा फोन काढून घेतलेला, माहेर बंद, बाजारात जायचं तर सासू बरोबर. महिन्याभरापूर्वी ती चौकीत गेली होती आणि थोरलीसारखीच परत आली होती. एका शेजारणीबरोबर निरोप पाठवून पाहिला, तर तिने तो सासूच्याच कानावर घातला.

"ती परत चौकीतच जाईल," थोरली म्हणायची. "आणि या वेळी घरी आणली की जिवंत ठेवणार नाहीत."

हॉल गेला तेव्हा संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. घरच्या हळदीकुंकवाला कोणाची परवानगी लागत नाही. शिवाय ती सासू कुणाचंच हळदीकुंकू चुकवत नाही आणि सुनेला आवर्जून आणते. घरात सगळं ठीक आहे हे गावाला दिसायला हवं ना. घरच्या टीव्हीवर सिनेमा लावलेला चालतो का, हे ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक. मी कंपनीत स्टोअर सांभाळते. माल असतो किंवा नसतो, बहुतेक माल असं काही नसतं. तरी ठरवलं.

वाणाला स्टीलच्या गाळण्या उल्हासनगरहून होलसेलने आणल्या. सिंधी दुकानदार म्हणाला, "दीदी, इलेक्शन लढ रही हो क्या?" मी म्हटलं, हरले तर गाळण्या परत घ्या.

आमंत्रणाचं कुंकू घेऊन त्या घरी मी स्वतः गेले. सासूने चांगला चहा केला. धाकटी दारामागे उभी होती, दिसली फक्त साडी.

बाकी कार्यक्रम नेहमीचा, बदल एकच. एरवी बाई आली की कुंकू, वाण, खाणं, आणि बाई घरी. या वेळी आधी सिनेमा, मग कुंकू. कुंकू न घेता सवाष्ण हळदीकुंकवातून उठत नाही, यावर माझी सगळी भिस्त होती.

थोरली मात्र समोर यायला तयार नव्हती. ती दिसली की सासू उंबऱ्यातूनच धाकटीला घेऊन मागे फिरणार. म्हणून ती दुपारपासून माझ्या स्वयंपाकघरात बसून भेळेसाठी कांदा चिरत होती. दार ओढून घेतलेलं, कडी नाही.

सासू येऊन सोफ्याच्या मधोमध बसली. धाकटी तिच्या पायाशी, काळ्या साडीत, डावा हात पदराखाली. कुणीतरी बांगड्या बघायला हात मागितला, तर उत्तर सासूने दिलं. "न्हाणीत पडली. वेंधळी आहे."

सिनेमा सुरू झाला. पहिल्या दोघी बोलल्या तोवर सासू तिळाचा लाडू खात होती. मग पडद्यावर थोरली आली. सासूचा हात तोंडापाशी थांबला. धाकटी ताठ झाली, पण मान वर करेना.

"हे काय दाखवताय?" सासू मला म्हणाली. "मला कुंकू लावा. आम्ही निघतो."

"मावशी, कुंकू शेवटी आहे. पाचच मिनिटं."

"हळदीकुंकवात कुंकू आधी असतं, बाई. तुम्हाला कोणी शिकवलं नाही वाटतं."

तेवढ्यात बेल वाजली. दारात हवालदार. टीव्ही बंद करावा असं क्षणभर मनात आलं. रिमोट माझ्याच हातात होता. स्वयंपाकघराच्या फटीतून थोरली माझ्याकडे बघत होती. मी रिमोट कमरेला खोचला आणि दार अर्धं उघडलं.

"ताई, सिनेमा लावलाय म्हणे."

"हळदीकुंकू आहे."

त्याने माझ्या खांद्यावरून पाहिलं. घरभर काळ्या साड्या. आत यायला त्याचं पाऊल उचलेना. मागून टीव्हीतला थोरलीचा आवाज स्पष्ट येत होता. साहेब म्हणाले घरचं घरात मिटवा, मग मी आधी दवाखान्यात गेले. हवालदाराने सगळं ऐकलं. मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्याने तो मुठीत धरला.

"आवाज जरा कमी ठेवा," म्हणाला आणि जिना उतरला.

मी दार लावलं. आवाज होता तेवढाच ठेवला.

आत सासू उभी होती. तिने धाकटीचा डावा हात पदरातून ओढून मनगटाशी धरला होता आणि धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. "कुंकवाचं ताट आणा," सासू म्हणाली.

ताट स्वयंपाकघरात होतं. ते घेऊन थोरली बाहेर आली.

टीव्हीवर ती बोलत होती आणि इथे ताट घेऊन उभी होती. सगळ्या बायका कधी तिकडे बघत, कधी इकडे.

"नवऱ्याला सोडून गेलेली," सासू म्हणाली. "हिच्या हातचं कुंकू लावायचं आम्ही?"

आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी बाई मूळची मोरिवलीचीच, सासूला लहानपणापासून ओळखणारी. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, तिथूनच बोलली. "तिचा नवरा जिता हाय नं गो? तुजाच पोऱ्या नं तो? का तू त्याला मारतंस?"

कुणाला तरी हसू आलं आणि तिने ते गिळलं. नको म्हणावं तर भरल्या घरात स्वतःच्या मुलाचं अशुभ बोलल्यासारखं. तिने मनगट सोडलं, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं. थोरलीने हळद लावली, कुंकू लावलं.

मग ती धाकटीसमोर वाकली. मी वाण घेऊन शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं. धाकटीने ओठ न हलवता विचारलं, "केसपेपर कुठल्या खिडकीवर?"

"डावीकडच्या. मारलं म्हणून सांग. पडले म्हणू नकोस."

मी गाळणी पुढे केली. धाकटीने उजवा हात पुढे केला. मग थांबली, सुजलेला डावा हातही सगळ्यांसमोर पुढे आणला आणि वाण दोन्ही हातांनी घेतलं.