आप्पांसकट समुद्र

समाज बदलायला निघालं की समाज बदलतो की नाही, माहीत नाही. किस्से मात्र ढिगाने जमतात. आमच्या पांडेसऱ्याच्या रविवार ग्रुपचंच बघा. आयडिया माझी. सुरतेत राहून समुद्र न पाहिलेली मराठी पोरं काढायची बाहेर! किनाऱ्यावरच्या एका गावात जायचं, चालायचं, पोहायचं, तिथला इतिहास ऐकायचा.

सगळ्यात आधी तयार झाली माझी मैत्रीण योगिता. दिवाळीनंतर लग्न होऊन ती धुळ्याला जाणार होती. पोहायला स्विमिंग पूलमध्ये शिकली होती. "धुळ्याला समुद्र नाही गं," एवढंच म्हणायची. सासरी जायच्या आत एकदा तरी समुद्रात पोहायचं होतं तिला.

तिचे वडील, आप्पा, साड्यांचं कापड रंगवणाऱ्या डाइंग हाउसमध्ये कामाला. म्हणाले, "जाऊ दे. पण मी सोबत येणार. आणि पाण्यात उतरायचं नाही!"

मी भाषण सुरू केलं, "आप्पा, मुलींना स्वातंत्र्य..."

"स्वातंत्र्य दे ना भरपूर," आप्पा म्हणाले, "पाणी कमी दे."

*

पहिल्या रविवारी पोहोचलो, तर समुद्रच नाही! ओहोटी लागलेली. नजर जाईल तिथवर चिखल. भरतीची वेळ बघायची असते हे माझ्यासकट एकाही ग्रॅज्युएटला सुचलं नव्हतं. योगिता टॉवेल खांद्यावर टाकून नुसती उभी.

आप्पा एकदम खूश. "चला, झालं पोहून!" म्हणत त्यांनी डबा उघडला.

*

मग मी ट्रेक ठेवला, किनाऱ्यालगतच्या रस्त्याने. आमचा गणेश पहिल्या वळणावरच कुरकुरला, "ट्रेक म्हणतेस आणि चढ कुठंय?" येणारी प्रत्येक रिक्षा आमच्यापाशी थांबे. कारण नसताना माणसं चालतात, हे कुणाला पटेचना.

शेवटी एका रिक्षात आप्पा बसले. मला वाटलं, सुटलो! पण रिक्षा आमच्या शेजारून, आमच्याच स्पीडने. आतून आप्पा म्हणाले, "तुम्ही चाला. माझं लक्ष आहे."

*

गावात पडक्या भिंतीपाशी एक म्हातारबाबा इतिहास सांगायचे. आधी विचारायचे, "छोटा सुनना है, या बडा?" मी तडक म्हटलं, "खरा!" ते जरा नाराज झाले. मग आम्ही मराठी आहोत कळल्यावर डोळे बारीक करून म्हणाले, "तुम्हारे लोग तो सूरत लूटके ले गये थे!"

मी लगेच संदर्भ, पार्श्वभूमी वगैरे सुरू केलं. कोण ऐकतंय! आप्पांनी हात जोडले. "बाबा, हमारे हिस्से में कुछ नहीं आया. इसीलिए तो वापस आये, डाइंग हाउस में!"

*

दिवाळीआधीचा शेवटचा रविवार. मी भरतीची वेळ तीनदा तपासली होती. पाणी अगदी गावाच्या पायरीशी. योगिता आप्पांकडे बघत होती आणि मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते. तेवढ्यात आप्पांनी पिशवीतून कापड काढलं. निघतंय, निघतंय, संपतच नाही! साड्यांचा माल, न कापलेला, गुलाबी. एक टोक त्यांनी योगिताच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या मुठीला गुंडाळलं.

"आप्पा! लोक बघतायत!"

"बघू दे. पॉलिएस्टर आहे, भिजून जड होत नाही."

योगिता पाण्यात शिरली. आधी हळू, मग हात मारत सरळ पुढे. कापड सरसर सुटत गेलं आणि ताणलं गेलं. संपलं! मला वाटलं, आता ओढणार. मी ओरडणारच होते.

आप्पांनी ओढलं नाही. पँट-शर्टासकट ते पाण्यात उतरले. गुडघे, कंबर, छाती. मूठ डोक्याच्या वर. तिकडे योगिता अजून पुढेच चाललेली.

काकांना पोहता तरी येतं का, म्हणून होडीवरून एक मच्छीमार घाबरून ओरडला, "ओ काका! तमने तरतां आवडे छे?"

आप्पांनी मागे वळूनही पाहिलं नाही. घरच्या अहिराणीतच ओरडले,

"माले कसाले पाहिजे? तिले येस ना!"