बेळगावहून परत आलेला वाल्मिक

गोडादऱ्याच्या कामगार वस्तीत वाल्मिकला अजूनही काही जण 'मिलिट्री' म्हणून हाक मारतात. फौजेत तो होता अकरा आठवडे, बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरात, २०१७ साली.

त्याआधी तीन वर्षं तो वडिलांसोबत उधन्याच्या कापड कारखान्यात लूम चालवायचा. पारोळ्याकडच्या मूळ गावाच्या पत्त्यावर त्यानं आर्मी आणि नेव्ही, दोन्हीकडे अर्ज टाकले होते. आर्मीचं आधी झालं. आई प्रमिलाबाईंनी सगळ्या सोसायटीत पेढे वाटले.

बेळगावात पहाटे चारला शिट्टी, मग दिवसभर रगडा, अंग मोडणारी कवायत. शेजारच्या खाटेवर जामनेरचा धर्मेंद्र. रविवारी फोन मिळायचा. आई विचारायची, "तठे पोटभर जेवाले भेटस का रे?" आणि वाल्मिक 'हो' म्हणून घाईनं फोन ठेवायचा.

अकराव्या आठवड्यात नेव्हीत निवड झाल्याचं पत्र आलं. ट्रेनिंग देणारे उस्ताद म्हणाले, "कसम परेडच्या, शपथ घ्यायच्या आधी सुटता येतं. पण हातातलं सोडून चाललायस, नीट विचार कर."

वाल्मिकनं वडिलांना, चिंधाभाऊंना फोन लावला. "मला पहिल्यापासून समुद्राचंच वेड होतं, बाबा." चिंधाभाऊंनी संमतीच्या कागदावर सही करून पाठवली.

नेव्हीच्या शेवटच्या, आर्मीपेक्षा कडक मेडिकलमध्ये डावा कान अधू निघाला. लूमच्या खडखडाटानं तो गेला होता. अपिलातही तेच. आर्मीत परत जायचं तर नव्यानं भरती, आणि तोवर वय उलटलं होतं. वाल्मिक पुन्हा उधन्याला लूमवर उभा राहिला.

गेल्या मे महिन्यात धर्मेंद्र सुट्टीत जवळच्या लिंबायतला बहिणीकडे आला. आता तो फौजेत नाईक आहे. दोघं चहाच्या लारीवर, हातगाडीजवळच्या बाकड्यावर बसले.

"नेव्हीचं तुझं नशीबच खोटं," धर्मेंद्र म्हणाला.

"कसली नेव्ही! समुद्र मी डुमसला दोनदा पाहिला असेल. मला घरी यायचं होतं रे. पळाला असं कुणी म्हणू नये, म्हणून नेव्हीचं नाव पुढे केलं."

धर्मेंद्र म्हणाला, "मला पण रोज पळावंसं वाटायचं. माझ्याकडे दुसरीकडचं पत्र नव्हतं, एवढंच. तेराव्या-चौदाव्या आठवड्यात आपोआप सवय झाली."

वाल्मिकनं चहा तसाच ठेवला.

हे वडिलांनाही सांगून टाकायचं, असं ठरवून तो घरी आला. चिंधाभाऊ आता कारखान्यात जात नाहीत. ते ओट्यावर शेजाऱ्याशी बोलत होते. "मीच पोऱ्याले लूमवर टाका. त्याना कान गया. नाही तं आज जहाजवर ऱ्हाता."

वाल्मिक त्यांच्याजवळ बसला. दोनदा तोंड उघडलं. मग पाळीची वेळ झाली म्हणून उठला.

अजून त्यानं सांगितलेलं नाही.