टाकीवरची गाठ

आमच्या भावोजींच्या घरात 'बुडणे' या शब्दाला बंदी होती. सूर्य मावळायचा. शाळा चुकवली जायची. बिस्कीटसुद्धा चहात भिजवायचं. एकदा जेवताना मी सहज म्हणालो, "ऑफिसातल्या एकाच्या भावाचा धंदा बुडाला," तर त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "बसला म्हण. धंदा बसला." मी हसलो. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्यांची बायको, हसली नाही. भावोजींचे मोठे भाऊ मालवणला मासेमारीच्या होडीतून गेले, ते परत आलेच नव्हते. या घरात कोणता शब्द काढायचा नाही, हे तिला लग्न होऊन आल्याबरोबर कळलं होतं.

असा माणूस होडीच्या नादाला लागेल असं कोणाला वाटलं असतं? पण बोरीवलीला राहायला आल्यावर, ऐंशी सालानंतर केव्हातरी, त्यांनी गोराईच्या खाडीत एका कोळी मित्राची लहान होडी रविवारपुरती मागून घेतली. तिच्या मागे अडकवायला पेट्रोलवर चालणारं एक वापरलेलं मशीन विकत आणलं. आठवडाभर कारकुनी आणि रविवारी खाडीत गरी टाकून मासे धरायचे. मी विचारलं, "भावोजी, तुम्हाला पाण्याची एवढी भीती, मग जाता कशाला?" ते म्हणाले, "मी गेलो नाही तर ती इथे घरात येऊन बसेल."

मशीनला एक खोड होती. अर्ध्या वेगात ते नीट चाले. वेगाची मूठ पूर्ण पिळली की थोडा वेळ जोर दाखवी, मग आवाज जड होई आणि वेग उतरे. मला अशा गोष्टी मोजल्याशिवाय राहवत नाही. भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात, जाळी बांधायच्या दोन खुंटांमधलं अंतर कापायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून मोजलं. पूर्ण जोरातसुद्धा होडी झपाझप चालणाऱ्या माणसाइतकीच पळत होती. ओहोटीची ओढ जवळपास तेवढीच असते. एकातून दुसरं वजा केलं, तर हातात जवळपास शून्य उरलं. ओहोटीत सापडलो तर मशीन चालू असूनही आपण जागच्या जागी राहणार, किंवा उलटे समुद्राकडे जाणार.

भावोजींनी उपाय बाकी ठेवले नाहीत. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, होडीच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडले, पंखा बदलला. मेकॅनिकने मशीन पिंपातल्या पाण्यात उभं करून स्वतःच्या डब्यातल्या पेट्रोलवर चालवलं. एकदम झकास! "साहेब, मशीनला काही झालेलं नाही, तुमची खाडीच आजारी आहे," तो म्हणाला. भावोजींना हा विनोद अजिबात आवडला नाही.

ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "शरद, ते मशीन विकायला लाव त्यांना. ऐकत नसतील तर तूही बरोबर जा. एकटे नकोत ते." स्वतः ती जमेल तेवढं करत होतीच. पेट्रोलमध्ये खारं पाणी गेलं की मशीन भर पाण्यात बंद पडतं, असं तिने ऐकलं होतं. म्हणून मशीन घरी आल्यापासून दर रविवारी ती पेट्रोलच्या सुट्या टाकीच्या झाकणावर जाड प्लॅस्टिक घाली, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून सुतळीने गाठ मारी. लोणच्याची बरणी बांधावी तशी, पण त्याहून घट्ट.

पुढच्या रविवारी मी बरोबर गेलो. मासा गळाला लागत होता म्हणून आम्ही रेंगाळलो आणि ओहोटी लागली. परत फिरून भावोजींनी मूठ पिळली. होडी जरा पुढे गेली, मग आवाज जड झाला. काठावरचं तिवराचं एक वाकडं झाड माझ्या बरोबर समोर होतं. ते आधी थांबलं. मग पुढे सरकू लागलं.

"भावोजी, आपण मागे जातोय."

"गप रव!" घाबरले की ते मालवणीत शिरत. "मशीन चालू आसा. चालू आसा मां?"

मागे खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या, त्यांचा आवाज स्पष्ट येऊ लागला. टाकीतलं पेट्रोल मशीनकडे ढकलणारा, नळीवरचा रबरी फुगा ते दाबत होते, पण तो चपटाच राहत होता, आतून कोणी चोखून धरल्यासारखा. मला वाटलं, पेट्रोल संपलं. मी टाकीकडे हात नेला.

"हात लावू नको! तिना बांधलला आसा!"

"पेट्रोल तरी बघू द्या!"

गाठ सुटेना. मी सुतळी दातांनी तोडली, पट्टी आणि प्लॅस्टिक ओढून काढलं. झाकणाने लांबलचक श्वास घेतला. झाकणातल्या बारीक भोकातून हवा आत शिरली आणि टाकीचा दबलेला पत्रा धप्पकन बाहेर आला. फुगा भरला. मशीन अशा काही जोराने ओरडलं की मी फळीवरून खाली पडलो. हवा आत जायची वाटच ताईने बांधून टाकली होती, म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं. तिवराचं झाड पुन्हा मागे पडलं.

 धक्का दिसू लागला तेव्हा भावोजींनी वेग कमी केला, प्लॅस्टिक पुन्हा झाकणावर पसरलं, त्यावर पट्टी ताणली आणि तुटलेली सुतळी जोडून गाठ मारली.

"हे काय करताय?" मी ओरडलोच.

"तिला सांगायचं नाही, शरद. तिचीच गाठ आपल्याला नडत होती हे तिला कळलं, तर ती या जन्मात झोपणार नाही."

"आणि पुढच्या रविवारी?"

"वळणापलीकडे गेलो की सोडीन."

"विसरलात तर?"

त्यांनी होडी धक्क्याकडे वळवली. ताई धक्क्यावर उभी होती. तिने पहिला प्रश्न केला, "झाकण कोरडं आहे ना?"

"अगदी कोरडं. आज मशीन बघ कसं पळालं!" भावोजी म्हणाले.

त्या दिवसापासून ताई निर्धास्त झाली. तिची भीती माझ्याकडे आली. पुढे कितीतरी वर्षं, रविवारी संध्याकाळी त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनकडे फोन करून मी काहीतरी निमित्त काढी आणि भावोजी आले का, ते विचारी. ते दर वेळी आलेले असत. शेवटी गुडघ्यांनी खाडी बंद केली, मशीन विकलं गेलं, आणि काही वर्षांनी भावोजी घरीच, दुपारच्या झोपेत गेले.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर ताई माझ्याजवळ येऊन बसली. "इतकी वर्षं पाण्यावर गेले, पण काही झालं नाही बघ," ती म्हणाली. "मी न चुकता बांधून द्यायचे ना."

"हो गं ताई," मी म्हणालो.