कुपवाडचा बुश

मदने सर मायक्रोमीटर लगेच हातात देत नसत. लेथवरून काढलेला तुकडा आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचा, त्याचा व्यास अंदाजाने वहीत लिहायचा आणि मगच मोजायचा, असा सांगलीतल्या आमच्या पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये नियम होता. दोन आकड्यांतला फरक ते स्वतः लाल पेन्सिलीने तिसऱ्या रकान्यात लिहीत. "मशिनीला डोळं न्हाईत, गड्या. तुला हायत," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

ते जत तालुक्यातल्या मेंढपाळ कुटुंबातले. आयटीआयनंतर अकरा वर्षं त्यांनी कुपवाडच्या एका कारखान्यात लेथ चालवला आणि मग आमच्याकडे निदेशक म्हणून आले. उत्पादन अभियांत्रिकी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना केबिन होत्या. सरांना दाराजवळचं एक स्टूल, आणि त्यावरही ते क्वचितच बसत. एकदा एका नव्या प्राध्यापकांनी फळ्यावर यंत्राचं मोठं ड्रॉइंग काढलं होतं. सरांनी ते बराच वेळ पाहिलं. "चित्र लय झ्याक हाय, सर. पर त्यो नट आवळायला पाना शिरायचा कुठनं?" प्राध्यापकांनी एकदा फळ्याकडे पाहिलं, आणि डस्टर उचललं.

शेवटच्या वर्षी माझा जोडीदार होता उंब्रजचा अमोल. आमचा प्रकल्प म्हणजे एक जिग, म्हणजे ड्रिल नेमक्या जागी उतरावं म्हणून केलेला पोलादी साचा. त्यात एक बुश बसवायचा होता. बुश म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारी बोटभर लांबीची पोलादी नळी. ती साच्यात दाबूनच बसली पाहिजे, सैल चालत नाही. आमच्या हातून दोन बुश बिघडले. अमोलची साताऱ्याजवळच्या एका कारखान्यात निवड झाली होती; जूनमध्ये निकालपत्रक दाखवायचं, अशी अट होती. प्रकल्पात नापास झाला, तर ती नोकरी जाणार होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही मोटारसायकलवरून कुपवाडला गेलो आणि एका छोट्या वर्कशॉपमधून ड्रॉइंग दाखवून बुश करून आणला. असं करणारे आम्ही पहिले नव्हतो.

परीक्षेदिवशी सकाळी दहाला सरांनी जिग हातात घेतला. बुशच्या आतल्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"ह्यो कुणी केला?"

"आम्हीच, सर," मी म्हणालो.

"रफिकनं केलाय. आत तिरपी धार काढताना दोनदा हात फिरवायची सवय त्येची. कारखान्यात धा वरसं माझ्या शेजारच्या मशिनीवर हुता त्यो."

अमोलचा चेहरा पडला. "आवं सर, वर सांगू नका. माझी नोकरी जाईल."

"सांगायचं काय त्यात? परीक्षक तीनला येणार. अजून पाच तास हायत." त्यांनी हातोडी घेऊन बुश ठोकून बाहेर काढला, खिशात टाकला आणि कपाटातून सळईचा एक तुकडा आणून दिला. "एकच हाय. जपून."

अमोल लेथवर उभा राहिला, मी मापं घेत होतो. सर हातभर अंतरावर उभे होते. मधेच हत्यार थरथरू लागलं, तेव्हा त्यांचा हात पुढे आला. तो त्यांनी मागे घेतला आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. पुढचे दोन तास ते खिशातच होते. शेवटच्या कापानंतर मी मायक्रोमीटर लावला. माप अचूक होतं. अमोल मोठ्याने हसला. "जेवून घ्या. मग मोजा," सर म्हणाले.

भाकरी खाऊन आलो आणि मोजलं. बुश मिलिमीटरच्या दोन शंभरांश भागाने कमी भरला. साच्यात टाकला तर न दाबताच सरळ आत घसरला.

"कशानं झालं?" सरांनी विचारलं.

अमोलने लेथवर पडलेल्या पोलादाच्या किसाला हात लावला. "सर, मघाशी बुश गरम होता. तापून फुगलेला मोजला आपण. गार झाल्यावर आकसला."

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी सरांना विचारलं. आवाजात राग होता, हे मान्य केलं पाहिजे.

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर त्यो बुश माझा झाला असता."

तीन वाजता परीक्षकांनी जिग हलवून पाहिला. बुश आत खुळखुळला. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. अमोलने न अडखळता सांगितलं: बुश दोन शंभरांश कमी आहे, मोजताना गरम होता, चूक आमची. परीक्षकांनी आणखी तीन प्रश्न विचारले. तेवढ्या तापमानाने पोलाद किती वाढतं, ते अमोलने कागदावर मांडून दाखवलं. वस्तूचे गुण जवळजवळ सगळे गेले, पण तोंडी परीक्षेने आम्हाला वर काढलं. आम्ही पास झालो. अमोल आज त्याच साताऱ्याच्या कारखान्यात मोजमाप विभागाचा प्रमुख आहे. मी दोन वर्षं नोकरी करून वर्तमानपत्रात आलो. सर गेल्या महिन्यात निवृत्त झाले, म्हणून हे लिहायला घेतलं.

परीक्षा संपल्यावर सरांनी खिशातला बुश माझ्या हातावर ठेवला होता. "ज्याचा त्येला दिऊन ये."

मी कुपवाडला गेलो. रफिकभाई ग्रीसने माखलेले हात पुसत बाहेर आले. बुश पाहून त्यांना नवल वाटलं नाही.

"वळखला व्हय मदन्यानं?"

"आम्ही कॉलेजचे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"कॉलेजचं ड्रॉइंग आमाला कळत न्हाई व्हय? म्या न्हाई म्हटलं तर तुमी शेजारी जाणार. शेजारच्याचा हात मदन्याला वळखू यायचा न्हाई. म्हणून त्योच म्हणला, पोरं आली तर माघारी धाडू नकोस. धार मातर तुझीच ठेव."

त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढला. तेलात बुडवलेले बुश, पिना, लहान दांडे. वेगवेगळ्या मापांचे, पण एकाच हाताचे. चौदा-पंधरा तरी असतील.

"समदी पोरं कामाला लागल्यात," रफिकभाई म्हणाले. "एकाचं बी नाव वर गेलं न्हाई. टाक त्यात. झाकण नीट लाव, गंज चढतोय."