भिंगारच्या निखाऱ्यांपाशी आत्याबाई

नगरला जायचं ठरलं ते आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोळ्यांसाठी. पण मी, सोनईच्या त्या घरात दोन वर्षांपूर्वी आलेली सून, मनात वेगळाच बेत शिजवत होते. साल एकाहत्तर. घरातल्या चुलीला मटण चालायचं नाही, म्हणून ते अंगणात व्हायचं. काळजाचे, मांडीचे तुकडे आत्याबाई निखाऱ्यावर भाजायच्या आणि मामंजींसकट, म्हणजे सासऱ्यांसकट, पुरुषांची पंगत ते फस्त करायची. बायकांच्या वाट्याला गार रस्सा नि हाडकं. दोन वर्षं हे बघून माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, या बाईला एकदा तरी बसून, गरम, सगळ्यांच्या आधी खाऊ घालीन, नाहीतर नावाची कुसुम नाही!

घरी यातलं काही बोलले नाही. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघीच निघालो. घोडेगावपर्यंत खडीच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी केली, पुढे डांबरी लागली. इमामपूरच्या घाटात आत्याबाईंनी पदराआड डोळे गच्च मिटले ते घाट संपेस्तोवर उघडले नाहीत. माणशी सव्वा रुपया तिकीट. आता तुम्ही तासाभरात पोचाल, आम्हांला चांगले अडीच तास लागले.

डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर दिला. बारा वाजले, तशी मी टांगा केला भिंगारला. माझा भाऊ तिथे, नगरला लागूनच, लष्करी कॅम्पात कामाला होता. एका रिटायर फौज्यानं रस्त्याकडेला पत्र्याखाली भट्टी टाकलीय, लोखंडी शिगेवर मटण भाजून देतो, असं त्याच्याकडून ऐकलं होतं.

लांबूनच वास आला. बाभळीचे निखारे, त्यावर टपटपणारी चरबी. चार बाकडी, त्यावर ट्रकवाले आणि बाजाराला आलेले शेतकरी. बाई एक नाही! आम्ही आत शिरलो आणि सगळ्यांचे घास हातात राहिले.

फौजी अदबीनंच बोलला, "बांधून देतो बाई. घरी न्या."

"घरी नेलं की गार होतं," मी म्हटलं. "आम्हांला इथंच खायचंय."

आत्याबाई माझा दंड ओढत होत्या. "कुसे, चल गं. लोकं बगत्यात."

"बघू द्या. फुकट नाही खात आपण." मलाही धाकधूक होती, पण ती त्यांना कशाला सांगू?

फौज्यानं क्षणभर विचार केला, मग भट्टीजवळचं बाकडं फडक्यानं पुसलं. दोन शिगा, बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू, सगळं मिळून दीड रुपया. ताटली आली. अशी वाफ निघत होती म्हणून सांगू!

आणि आत्याबाई उठल्या. ताटली उचलली, डोक्यावरचा पदर सावरला आणि थेट शेजारच्या बाकड्यावरच्या ट्रकवाल्यांना वाढायला लागल्या! "घ्या, घ्या. भाकरी आनू का?"

मी कपाळावर हात मारला. त्यांचा तरी काय दोष? समोर पुरुष जेवतायत आणि आपल्या हातात भरलं ताट, तर बसायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पत्र्याखाली हशा पिकला. आत्याबाईंच्या लक्षात आलं तसा त्यांचा चेहरा उतरला. आता या उपाशीच परत जातात की काय, असं वाटलं.

त्या ट्रकवाल्यांतला एक, शेवगावकडचा मिशाळ गडी, उठून उभा राहिला. हसणाऱ्यांवर डोळे वटारले. "मावशे, आमचं झालंय. तू बस." त्यांच्या हातातली ताटली घेतली, त्यांना बाकड्यावर बसवलं आणि वाढलेले तुकडे उचलून पुन्हा त्यांच्यासमोर ठेवले. "आता मी हाय वाढायला. खा."

आत्याबाईंनी तुकडा तोंडात टाकला. चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकला नाही. हळूहळू चावला.

"एवढं मऊ असतंय व्हय गं?" त्या म्हणाल्या. "जल्म गेला भाजन्यात. मला वाटायचं, चिवटच असतंय."

मला रडू फुटलं. त्या मात्र खात होत्या. एक शीग, दुसरी शीग, मग स्वतःच हात वर करून, "दादा, आनखी एक आना. आन् जरा लिंबू बी!" फौज्यानं ती तिसरी शीग स्वतः आणून दिली.

ती जागा शोधत जाऊ नका, आता तिथे टायरचं दुकान आहे. पण भिंगारला गेलात तर कुठेही निखाऱ्यावरचं खा, आणि घरच्या बायकांना बरोबर न्या.

पुढच्या महिन्यात घरी मटण झालं. अंगणात पंगत मांडली. आत्याबाईंनी शेवटचा तुकडा भाजला, हात धुतले आणि सरळ मामंजींच्या शेजारचा पाट ओढून बसल्या. मलाही हातानं खूण करून बसवलं. मामंजी इकडेतिकडे बघायला लागले.

"वाढनार कोन मग?" त्यांनी विचारलं.

"तुमी," आत्याबाई म्हणाल्या. "उठा लौकर, गार हुतंय."

आणि मामंजी उठले.