या नावाची बाई गावात नाही

सोमवारी शिरूरच्या एका बँकेत मी भांडले. जन्मात कुणाशी भांडले नसेन एवढी भांडले... बँकेचं नाव घेत नाही, पण डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहितेय.

माझ्या भावाची बायको नेपाळची. दोघं एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनमध्ये कामाला होते, तिथंच जमलं. मागच्या वर्षी लग्न झालं आणि वहिनी शिरूरजवळ आमच्या गावात राहायला आली.

आता तिला एका कंपनीत पॅकिंगला चांगलं काम मिळालंय. अट एकच... शनिवारच्या आत स्वतःच्या नावाचं खातं पाहिजे, नाहीतर तिच्या जागी दुसरी मुलगी घेणार. भावाला सुट्टी मिळेना, म्हणून मी दौंडहून एसटीने गेले.

बँकेतला साहेब तिच्याकडे बघायलाच तयार नाही. मला विचारतो, हिला मराठी येतं का? अहो, वर्षभर माझ्या आईशी मराठीत बोलतेय ती, तिलाच विचारा ना!

मग आधार मागितलं. आदल्या आठवड्यात फोनवर यानेच सांगितलं होतं, नेपाळचं नागरिकत्वाचं कार्ड आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणा, बाकी बघू. त्याची आठवण करून दिली तर हसत म्हणतो, नेपाळी म्हणजे वॉचमनच्या घरातली का? झालं... माझी सटकली.

मी असा आवाज चढवला की अख्खी बँक बघायला लागली. वहिनी माझा हात ओढत, ताई राहू द्या, राहू द्या करत होती. त्या 'राहू द्या'नं मला आणखीच संताप आला.

साहेबाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "मॅडम, कार्डावर डोल्मा तामाङ. तुमच्या दाखल्यावर दीपाली. मी खातं नेमकं कुणाचं उघडू?"

मी दोन्ही कागद ओढून वाचले. खरंच होतं. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. आईने हौसेने 'दीपाली' निवडलं, गावाला तेवढंच माहीत, आणि ग्रामपंचायतीनेही डोळे झाकून तेच लिहून दिलं.

वहिनीने दाखला आधी बघितला होता. का बोलली नाहीस विचारलं, तर म्हणाली, मला वाटलं इथं असंच लिहितात... आता यावर काय बोलणार, कप्पाळ?

तशाच गावात परतलो. आईला घेऊन ग्रामपंचायतीत गेलो आणि डोल्मा तामाङ या नावाचा दाखला मागितला. तिथल्या क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "या नावाची बाई आपल्या गावात कुणी राहत न्हाई."

आणि ती त्याच्या टेबलासमोर उभी होती हो! हाच माणूस तिच्या लग्नात पंगतीला बसून जिलेबी मागून मागून खाऊन गेलाय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई पुढे झाली.

"ही काय, उभी हाय. दीपाली नाव मी ठेवलं व्हतं, तिला न इचारता. आता तिचं हाय ते लिहा."

त्याने लिहिलं. नेपाळचं कार्ड बघून, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन, कुरकुरत का होईना, लिहिलं. त्या नव्या दाखल्यावर गुरुवारी त्याच बँकेत खातं उघडलं आणि शुक्रवारी वहिनी कामावर गेलीसुद्धा.

बँकेतल्या साहेबाने सॉरी वगैरे काही म्हटलं नाही... त्याच्यावरचा राग आहेच, तो काही जायचा नाही. पण त्या सोमवारी संध्याकाळी मी आईवरही चिडले. कौतुक कौतुक म्हणून एका मुलीचं नाव पुसून टाकलंस, एकदा तिला विचारायला काय झालं होतं?

आई भाजी निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "मला तरी कवा कुणी इचारलं व्हतं?"

मलाही कुणी विचारलं नव्हतं... या पोस्टवर तुम्हाला माझं जे नाव दिसतंय ना, ते दौंडला माझ्या सासरी ठेवलेलं आहे.